पाहुण्याच्या गोळ्या

६ मार्च

भाऊजी,

धाकटी काल येऊन गेली. तुम्ही पाठवलंत असं ती म्हणाली नाही, पण खुर्चीत टेकायच्या आधीच तिने कपाटाकडे नजर टाकली, तेव्हाच मला कळलं.

चहा झाला. माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. जिला आयुष्यात कुत्र्याचा वास सहन झाला नाही, तिने पाहुण्याच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला. मग म्हणाली, "ताई, ती जुनी डबी टाकून दिलीत ना? असल्या वस्तू घरात कशाला ठेवायच्या? उगीच आठवणी येतात."

"कुठली डबी?"

"अहो तीच, कुत्र्याच्या गोळ्यांची. यांनी त्यावर गंमत म्हणून काहीतरी काढलेलं."

"कुत्र्याचं तोंड," मी म्हटलं. "जीभ बाहेर आलेलं. भाऊजींचा हात चांगला आहे. मिशा तर हुबेहूब."

मग ती रडली. मी रडू दिलं. रडून झाल्यावर तिला रुमाल दिला, तोही यांचाच, तुमच्या दादांचा.

आता तुम्हाला नीट लिहिते, म्हणजे पुन्हा तिला पाठवायला नको. डबी आहे. लेबलावर यांचं नाव छापलेलं आहे, वय त्रेसष्ट, तारीख ऑगस्टची. गोळी आकडीची, जी आमच्या घरात फक्त पाहुणा खातो. आणि छापलेल्या ओळींच्या खाली तुमच्या हातची निळी शाई आहे: "पाहुणेबुवांना अर्धी, जेवणानंतर." शेजारी ते तोंड. म्हणजे यांच्या नावावर जाणारी ती गोळी कुत्र्याची आहे, हे ऑगस्टमध्ये तुम्हाला ठाऊक होतं. ऑक्टोबरमध्ये ठाऊक नव्हतं.

सुनावणी पंधरा एप्रिलला आहे. माझा अर्ज अर्ध्या पानाचा आहे. यांच्या मृत्यूच्या सरकारी नोंदीत "दीर्घकाळ व्यसन" असे दोन शब्द घातलेत, ते काढा, एवढंच त्यात लिहिलंय. ते काढायला समितीला पुरावा लागतो. डबी दाखवली तर ते दोन शब्द जातील, आणि त्यांच्याबरोबर तुमचा औषधं विकायचा परवाना जाईल. नाही दाखवली तर शब्दही राहतील आणि दुकानही राहील. मी अजून ठरवलेलं नाही.

हे धाकटीला तोंडावर सांगितलं असतं तर ती आणखी तासभर बसली असती.

वहिनी


१३ मार्च

भाऊजी,

पत्र मिळालं. दुकानाचं नाव छापलेल्या कागदावर लिहिलंत, त्यामुळे आधी मला औषधांची यादीच आली आहे असं वाटलं.

तुम्ही लिहिता, "नियम सरकारने केला, मी फक्त पाळला." बरोबर आहे. नियम वाईटही नाही. लोक चार डॉक्टरांकडून चार चिठ्ठ्या आणून दुखण्याच्या गोळ्या जमा करत होते, पोरं मरत होती, हे मी पेपरात वाचलंय. म्हणून सरकारने प्रत्येक माणसाच्या नावावर काय काय जातं त्याची नोंद ठेवली आणि त्यावरून जोखमीचा एक आकडा काढला. एकाच नावावर दोन डॉक्टर आणि दोन जातींच्या जोखमीच्या गोळ्या आल्या की ऑक्टोबरपासून पडद्यावर आकडा लाल होतो. कुत्र्याला जन्मतारीख नसते, म्हणून त्याच्या गोळ्या मालकाच्या नावावर चढवा असं तुम्हाला वरून सांगितलं होतं. तुम्ही चढवल्यात. इथवर तुमची काहीच चूक नाही.

पण ऑक्टोबरमधल्या त्या मंगळवारी काउंटरच्या अलीकडे मी होते आणि पलीकडे तुम्ही, तेव्हा काय झालं ते तुमच्या पत्रात नाही. म्हणून मी लिहिते.

हे काठी टेकून माझ्या बाजूला उभे होते. अकरा वर्षं पाठीच्या दुखण्याची गोळी, सकाळी एक, संध्याकाळी एक. तिसरी कधी मागितली नाही. तुम्ही पडद्यावर बघितलंत आणि म्हणालात, "दादा, देता येणार नाही. लाल आलाय."

हे म्हणाले, "लाल तर लाल. लिफ्टमध्येही लाल दिवा लागतो. आपण उघडून बघतो काय झालंय."

"दादा, चेष्टा नाही. दोन डॉक्टर दाखवतंय."

"दुसरी डॉक्टर पाहुण्याची," मी म्हटलं. "भाऊजी, तुम्हीच तर देता त्याच्या गोळ्या."

मागे एक बाई खोकल्याचं औषध घ्यायला उभी होती. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, माझ्याकडे नाही. आणि आवाज चढवून म्हणालात, "वहिनी, इथे सगळ्यांना एकच नियम. भाऊ असला तरी."

ती बाई म्हणाली, "असे पाहिजेत दुकानदार."

तुम्हाला ते आवडलं. कान लाल झाले तुमचे. तुमच्या दादांनी ते पाहिलं होतं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चार लोकांत त्याचं कौतुक झालं आज. होऊ दे." आणि दुकानाच्या पायरीवरच बसले, कारण उभं राहवत नव्हतं.

वहिनी


२१ मार्च

भाऊजी,

"झाल्या गोष्टीला इलाज नाही," असं लिहून तुम्ही पत्र संपवलंत. त्या मंगळवारनंतरचे नऊ दिवस कसे गेले हे तुम्ही तेव्हाही विचारलं नाहीत आणि आताही नाही. तरी सांगते. तुम्ही औषधवाले आहात, अचानक गोळी बंद केली की काय होतं हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. मी चादरींवर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी घाम. असा घाम की उशी पिळावी. तिसऱ्या दिवशी पाय आपोआप झटकायला लागले, आणि प्रत्येक झटक्याला पाठीत ऑपरेशनने बसवलेल्या सळया कळ द्यायच्या. ओरडायचे नाहीत. तोंडात टॉवेल धरायचे. त्या दिवशी रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला. "आकडा लाल आहे. आधी लघवीची तपासणी. रिपोर्ट सोमवारी येईल, मग बघू."

मी म्हटलं, "डॉक्टर, दुसऱ्या गोळ्या कुत्र्याच्या आहेत."

"बाई, सगळे काही ना काही सांगतात. गेल्या आठवड्यात एक जण म्हणाला, गोळ्या बकरीने खाल्ल्या."

हे हसले. घाम पुसत हसले. "डॉक्टर, बकरीची पाठ कशी आहे आता?"

डॉक्टरही हसले, आणि बहुतेक त्या हसण्यामुळेच म्हणाले, "थांबा, तुमच्या केमिस्टला विचारतो." माणूस वाईट नव्हता. आमच्यासमोर फोन लावला. तुमच्या दुकानातली घंटा त्या फोनमधून मला ऐकू आली, दार उघडलं की वाजते ती. डॉक्टरांनी विचारलं. ऐकलं. फोन खाली ठेवला.

"ते म्हणतात, कुत्र्याबित्र्याचं त्यांना काही ठाऊक नाही. नोंदीत आहे तेच खरं."

मी उठून उभी राहिले. कशासाठी ते मलाही कळलं नाही. हे म्हणाले, "बस. घाबरलाय तो. लहानपणापासून घाबरट आहे. मास्तरांनी विचारलं तर स्वतःचं नाव विसरायचा."

एवढंच. तुमच्याबद्दल त्यानंतर ते काहीही बोलले नाहीत. ना वाईट, ना चांगलं.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी दिलेल्या कार्डावरच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या नंबरला यांनी फोन केला. पलीकडे एक मुलगी. आवाजावरून विशी-बाविशीची, गोड. "काका, किती वर्षांपासून व्यसन आहे?"

"बाळा, व्यसन नाही, पाठ आहे."

"हो काका, पण किती वर्षांपासून?"

"पाठ? जन्मापासून."

तिने त्यांचं नाव लिहून घेतलं. नोंदीतले ते दोन शब्द तिथून आले.

नवव्या दिवशी त्यांच्या लिफ्ट कंपनीतला जुना सोबती आला, ज्याला आपण सगळे तारवाला म्हणतो. त्याच्याने बघवलं नाही. कुणाकडून तरी सहा सुट्या गोळ्या कागदात बांधून घेऊन आला. रंग तोच, मधली रेघ तीच. यांनी दुपारी तीन वाजता एक घेतली, नेहमीसारखी, एकच. मी कामावर होते. सहाला आले तेव्हा हे खुर्चीत होते आणि पाहुणा त्यांच्या पायांवर आडवा. मी जवळ गेले तर माझ्यावर गुरगुरला. सात वर्षांत पहिल्यांदा.

त्या गोळीत भलतंच काहीतरी होतं. पोलीस तसं म्हणाले. त्या तिमाहीत असे किती गेले तो आकडा पेपरात आला, आणि मंत्री म्हणाले की म्हणूनच नियम आणखी कडक करायला हवा. त्या आकड्यात हे आहेत. मी मोजून दाखवू शकत नाही, पण आहेत.

आणि स्मशानाच्या फाटकाशी तुम्ही त्यांच्या साहेबांना म्हणालात, "दादाला सवय लागली होती. आम्ही घरच्यांनी खूप थांबवायचा प्रयत्न केला." मी तुमच्या मागेच उभी होते. हातात त्यांची काठी होती. ती घेऊन काय करायचं ते मला सुचलं नाही, नाहीतर तुम्हाला पत्र लिहायची वेळ आली नसती.

वहिनी


२ एप्रिल

भाऊजी,

या वेळी साधा कागद. बरं केलंत.

तुम्ही विचारता, "वहिनी, तुम्हाला नियमातलं काय कळतं?" भाऊजी, तो नियम मी दुमडलाय. बाइंडिंगच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी हेच करते. सोळा पानं एका मोठ्या कागदावर उलटीसुलटी छापून येतात, त्यांच्या घड्या घालायच्या. वाचायला मी तिथेच शिकले, पान एकच्या शेजारी पान सोळा. तुम्ही कॉलेजात शिकलात, मी घडीत. गेल्या मे महिन्यात सरकारी काम आलं, चार हजार प्रती, निळं कव्हर. तुमच्या दुकानात पोचायच्या महिनाभर आधी माझ्या मांडीवर होतं ते पुस्तक. तुमच्याकडची प्रत बहुधा मीच दुमडली असेल.

म्हणून मला अकरावं कलम पाठ आहे. आकडा लाल दिसला तर विक्रेत्याने लिहून देणाऱ्या डॉक्टरला फोन करावा, खात्री करावी, कारण एका ओळीत नोंदवावं आणि औषध द्यावं. द्यावं, असं लिहिलंय. तुम्हाला फोन करावाही लागला नाही. डॉक्टरांचाच तुम्हाला आला.

मग एका ओळीत "कुत्र्याच्या गोळ्या आहेत" एवढं लिहायला काय अडलं, याचा मी तीन महिने विचार केला. वाटलं, जुनं काही भांडण असेल. वडिलांचं घर, धाकटीला कधी बोलले असेन ते. शोध शोध शोधलं. काहीच सापडेना. जानेवारीत तुमच्या दुकानावरून गेले तेव्हा काचेवर तो गोल हिरवा स्टिकर दिसला. "सुरक्षित औषध दुकान." पहिल्या तीन महिन्यांत एकही लाल विक्री नाही अशा दुकानाला मिळतो. पान बावीस, तळाला, बारीक अक्षरात.

स्टिकर, भाऊजी! मी रस्त्यात उभी राहून हसले. लोक बघायला लागले.

आता तुमच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल. तुम्ही लिहिलंत, "नाव तुम्हीच दिलं होतंत हे विसरू नका. चिठ्ठी घेऊन तुम्हीच आला होतात. आणि बारा वर्षं तुमच्या झोपेच्या गोळ्या मी देतोय, त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही." ही धमकी असेल तर ती जरा पुसट झाली आहे. चिठ्ठी घेऊन मी आले होते, खरं आहे. प्राण्यांच्या दवाखान्यात नाव कुणी दिलं ते आता आठवत नाही. जूनची गोष्ट. पाहुण्याला पहिल्यांदा आकडी आली होती, धावपळ होती. अशा वेळी कोण काय बोललं हे कुणाच्या लक्षात राहतं?

आणि माझ्या झोपेबद्दल पुन्हा लिहू नका.

वहिनी


१४ एप्रिल

भाऊजी,

धाकटी आज सकाळी पुन्हा आली होती. या वेळी चहा घेतला नाही. म्हणाली, "ताई, दुकान गेलं तर हे उभे राहायचे नाहीत. तुम्ही यांना ओळखता."

मी म्हटलं, "त्यांचे दादाही उभे राहत नव्हते."

"तुम्ही अशा नव्हतात हो ताई."

"होते. तुला गरज पडली नव्हती."

जाताना दारात म्हणाली, "त्या दोन शब्दांनी दादा परत येणार आहेत का?" हे तुम्ही तिला शिकवून पाठवलंत की तिचं तिला सुचलं, माहीत नाही. परत यायचे नाहीत हे मला सहा महिने कळतंय, तिच्यापेक्षा जास्त. पण नात उद्या मोठी होईल, कुठल्यातरी कचेरीत आजोबांची नोंद काढेल, आणि तिला तिथे एक व्यसनी माणूस सापडेल. माझा नवरा सापडणार नाही.

मी ठरवलं आहे. उद्या अकराला डबी घेऊन येते. तुमचा चांगला शर्ट घाला. समितीत एक बाई आहेत, त्या टापटीप माणसांवर विश्वास ठेवतात असं ऐकलंय.

वहिनी


२० एप्रिल

भाऊजी,

पाच दिवस झाले. तुमचं पत्र नाही, धाकटीही नाही. म्हणून मीच लिहिते, नाहीतर त्या खोलीत काय झालं हे दोघांना दोन तऱ्हेने आठवत राहील.

खोली लहान होती. पंखा कुरकुरत होता. तीन जण: ती बाई, एक म्हातारे डॉक्टर, आणि लिहून घेणारा कारकून, ज्याला आपलं काम लवकर संपवायचं होतं. त्याने फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "मयत कुत्र्याचं नाव?"

"कुत्रा जिवंत आहे," मी म्हटलं. "मयत माणूस आहे."

त्याने खोडलं. त्या खोडण्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

मी डबी टेबलावर ठेवली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा वर करून ते तोंड पाहिलं आणि त्यांना हसू आलं. आवरलं त्यांनी. मग तारीख पाहिली, आणि मग आवरावं लागलं नाही. बाईंनी तुम्हाला विचारलं, "हे अक्षर तुमचं?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मॅडम, दिवसाला दोनशे गिऱ्हाइकं..."

"सगळ्यांच्या डब्यांवर चित्रं काढता?"

तुमच्या शर्टाची कॉलर ओली झाली होती. मग तुम्ही ते म्हणालात, जे तुम्ही म्हणणार हे मला ठाऊक होतं. "नाव वहिनींनी दिलं होतं. दवाखान्यात. वहिनींनीच. त्यांना विचारा."

बाई माझ्याकडे वळल्या. "दवाखान्यात मालक म्हणून नाव कुणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "यांनी. स्वतःच. म्हणाले, माझंच नाव घाला, पाहुणा माझा आहे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तोंड उघडं. लहानपणी मास्तरांसमोर तुम्ही असेच दिसत असाल.

"खोटं आहे! दादा तर दवाखान्यात गेलाच नव्हता," तुम्ही म्हणालात.

बाई म्हणाल्या, "मेलेल्या माणसाच्या बायकोवर ढकलू नका. शोभत नाही."

बाहेर व्हरांड्यात धाकटी बाकावर बसली होती. मी तिच्यासमोरून गेले. तिने पाय मागे घेतले, मला जायला वाट व्हावी म्हणून. इतकी वर्षं मला तिच्याकडून मान मिळाला, तो असा कधी मिळाला नव्हता.

वहिनी


२९ मे

भाऊजी,

समितीचा निकाल अठ्ठावीस एप्रिलला लागला. त्यावर अपील करायला तीस दिवस होते. ते काल संध्याकाळी पाचला संपले. म्हणून आज लिहिते.

निकालाची प्रत तुमच्याकडेही आली असेल. तुमचा परवाना रद्द. यांच्या नोंदीतून "दीर्घकाळ व्यसन" काढलं. मृत्यूचं कारण मात्र "औषधाचा अतिवापर" हेच राहिलं, ते बदलता येत नाही म्हणतात. मंत्र्यांच्या आकड्यात हे अजून आहेतच. आणि नोंदीच्या फॉर्मवर एक नवा चौकोन आला आहे: पाळीव प्राणी, हो किंवा नाही. सगळं मिळून एवढं.

आता जे तुम्हाला ठाऊक आहे ते मी लिहिते, आणि जे ठाऊक नाही तेही.

दवाखान्यात मी एकटी होते. पाहुणा माझ्या हातांवर होता, तोंडाला फेस. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "मालकाचं नाव?" मी यांचं नाव सांगितलं. गडबडीत नाही सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वीच मी निळं पुस्तक दुमडलं होतं. एका नावावर दोन डॉक्टर, दोन जातींच्या गोळ्या, आकडा लाल, हे त्या खिडकीपाशी उभं राहून मला स्वच्छ आठवत होतं. तुमच्या आधी मला माहीत होतं. माझं नाव दिलं असतं तर माझ्या झोपेच्या गोळ्या गेल्या असत्या. मी विचार केला, यांच्या पाठीत दोन सळया आहेत, सहा स्क्रू आहेत, एक्स-रेमध्ये कुणालाही दिसतात. त्यांच्या गोळ्या कोण काढून घेणार? माझी झोप तर कुठल्या फोटोत दिसत नाही. ती पहिली जाईल.

इतका साधा विचार होता. तो मी माणसांवर विश्वास ठेवून केला होता, हे आता लिहितानाही लाज वाटते.

घरी आल्यावर यांनी चिठ्ठी वाचली. "माझं नाव का घातलंस?"

"मालक तुम्ही आहात ना."

ते हसले. "चला, कुणाचा तरी मालक झालो."

भाऊजी, त्या नऊ दिवसांत तुम्ही एकटे नव्हतात. दवाखान्यात जाऊन नाव बदलून आणायला मला एक सकाळ पुरली असती. पाचव्या दिवशी, त्या मुलीशी यांचा फोन झाला तेव्हा मी निघालेही होते. दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले. महिनाअखेर जवळ आली होती, माझ्या गोळ्या संपत आल्या होत्या. मी स्वतःला म्हटलं, सोमवारी रिपोर्ट येईल, डॉक्टर देतील, सगळं आपोआप मिटेल. आणि परत फिरले. येताना ब्रेड घेतला, म्हणजे कुठे गेले होते ते सांगायला नको. रिपोर्ट सोमवारी आला नाही, प्रयोगशाळेत अडकला होता. तरीही मी पुन्हा गेले नाही.

त्या गोळ्या मी अजून घेते. आता दुसऱ्या दुकानातून. आणि मला झोप लागते, हेही लिहून ठेवते.

समितीसमोर तुम्ही खरं बोललात. आयुष्यात एकदा कुणी विचारल्यावर तुम्ही खरं सांगितलंत, आणि तेव्हाच कुणी ऐकलं नाही. हे पत्र काल दुपारी तुमच्या हातात पडलं असतं तर कदाचित परवाना वाचला असता, निदान अर्धा दोष माझ्याकडे आला असता. आज ते कुणालाही दाखवा. धाकटीला दाखवा. ती विश्वास ठेवेल, तिला मी आता कळले आहे.

दुकानाचं शटर बंद बघितलं. काचेवरचा स्टिकर कुणीतरी नखाने खरवडलाय, निम्मा राहिलाय. तुम्ही आता दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये खोकी उतरवायला जाता असं तारवाला म्हणाला. त्याला तुमची दया आली. मला यावी म्हणून मी वाट बघितली.

तीस दिवस रोज कामावरून येऊन मी कागद काढला. रोज वर "भाऊजी" लिहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि स्वयंपाकाला लागले. पहिले दोन-तीन दिवस पोळ्या करपल्या. नंतर काहीच होईना. कागद काढायचा, एक शब्द लिहायचा, ठेवून द्यायचा. एका माणसाचं सगळं आयुष्य माझ्या एका पत्रावर अडलं होतं आणि मी भाजी चिरत होते. हे मला जमेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा तुमच्या दुकानाची घंटा वाजली होती. कुणीतरी आत येत होतं. तुम्ही एका वाक्यात उत्तर दिलंत, आणि मग त्या गिऱ्हाइकाला काय हवं ते काढून दिलं असेल. मला तुम्हाला एकच विचारायचं आहे, आणि या वेळी खरं सांगा. तुम्हालाही ते इतकंच सोपं गेलं का?

वहिनी